पहिल्या ‘नॅट’ची डागडुजी : प्रकल्प नोंदी

10 नोव्हेंबर 2024

कामाची वस्तू : एअरफिक्स कंपनीच्या 1/72 प्रमाणातील फॉलंड नॅट टी.1 या विमानाची प्लास्टिकची प्रतिकृती. जोडणी 1977 च्या उन्हाळ्याच्या सुट्टीत, नाशिकच्या घरी. मी आयुष्यात जोडलेले हे पहिले किट, म्हणजे सुट्या तुकड्यांचा जोडसंच. दिवाळीच्या आवराआवरीत माळ्यावरच्या बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून ते बाहेर आले. सोबत किटमधले भाग ज्यांना लागून येतात त्या मूळ लाल चौकटींचे काही तुकडे, सूचनापत्रकाचा अर्धा भाग आणि वाळून दगड झालेली चिकटद्रवाची नळी निघाली.

सद्यःस्थिती पुढीलप्रमाणे आहे. नाकाखालचे चाक दांड्यासकट गायब आहे. उजव्या पंखाच्या टोकाचा टवका उडाला आहे. चंदेरी रंग पंखांच्या कडांवरून घासून गेला असून तिथे खालचे लाल प्लास्टिक दिसते. पंखांवरची हवाई दलाच्या चिन्हाची कागदी चक्रे कडांना उचकटली आहेत आणि डाव्या पंखाखालचे एक झुरळांनी जवळजवळ संपवले आहे. कॅनॉपीच्या, म्हणजे चालकाच्या डोक्यावरच्या पारदर्शक छताच्या, मागच्या अर्ध्या भागावर फासलेला रंग पापुद्र्यांनी सुटत आहे. विमान हलवले की पोटात काहीतरी खुळखुळते.

काम सुरू करण्यापूर्वी एक नियम लिहून ठेवतो, कारण पुढे मोह होणार हे मला ठाऊक आहे. ही प्रतिकृती ‘बरोबर’ करायची नाही. एअरफिक्सने हे किट 1964 मध्ये काढले ते ब्रिटिश हवाई दलाच्या दोन आसनी प्रशिक्षण विमानाचे, आणि माझ्या खोक्यावरचे विमान रेड ॲरोज या त्यांच्या कसरती करणाऱ्या पथकाचे होते. अकरा वर्षांच्या मुलाला मात्र हवे होते भारतीय हवाई दलाचे एक आसनी लढाऊ नॅट, आणि हाताशी असलेल्या सामानातून त्याने ते करून घेतले. त्याला नॅटविषयी जे माहीत होते आणि जे माहीत नव्हते, ते सगळे या प्लास्टिकवर नोंदलेले आहे. तेव्हा जे सुटत आहे ते धरून ठेवायचे, जे हरवले आहे ते ओळखू येईल अशा रीतीने भरायचे, आणि त्या मुलाच्या हातचे काहीही खरवडून काढायचे नाही.

16 नोव्हेंबर 2024

आज साफसफाई. धूळ नुसती बसलेली नाही, ती स्वयंपाकघराच्या वाफेने तेलकट होऊन चिकटली आहे, कारण कितीतरी वर्षे हे विमान फडताळावर उघडेच उभे होते. नेहमीची पद्धत म्हणजे कोमट पाण्यात सौम्य साबणाचे दोन थेंब आणि मऊ कुंचला, पण इथे पाण्याची बंदी आहे. पंखांवरची आणि पोटाच्या दोन्ही बाजूंची चक्रे कागदाची आहेत, कागद डिंकाने चिकटवलेला आहे, आणि डिंक कितीही जुना झाला तरी पाणी लागताच विरघळतो. त्यामुळे चक्रांभोवती बोटभर जागा सोडून बाकीचा भाग ओलसर कापसाने पुसला आणि चक्रांवर फक्त कोरडा, मऊ कुंचला फिरवला. झुरळांना कागदापेक्षा डिंकात जास्त रस असतो. खाल्लेल्या चक्राच्या कडेला दातेरी नक्षी उमटली आहे, आणि भिंगातून पाहिले तर जिथे डिंक जाड होता तिथेच ती खोल गेलेली दिसते.

ही चक्रे कागदाची का झाली, हे सांगायला हवे. भारतीय हवाई दलाचे चिन्ह म्हणजे बाहेर केशरी, मध्ये पांढरे आणि आत हिरवे वर्तुळ. खोक्यात आलेली चिन्हे ब्रिटिश होती, म्हणून ती बाद. मी पोस्टर कलर थेट पंखावर लावून पाहिला, पण चंदेरी तेलरंगावर पाण्याचा रंग ठरेना. त्याचे मणी होऊन बाजूला सरकत. मग चित्रकलेच्या वहीचा कागद, कंपासपेटीतले कर्कटक आणि वडिलांच्या दाढीचे जुने पाते एवढ्यावर काम झाले. पोस्टर कलरचा केशरी आता फिका पडून पिवळट झाला आहे, हिरवा मात्र बऱ्यापैकी टिकला आहे. शाळकरी रंगांत वापरलेली सगळीच रंगद्रव्ये उजेडाला सारखी टिकत नाहीत. केशरी पुन्हा रंगवायचा नाही, असे ठरवले.

चक्रे कुठे आणि केवढी असावीत, हे ठरवायला माझ्याजवळ एकच आधार होता आणि तो म्हणजे टपालाचे तिकीट. 1965 पासून निघालेल्या नेहमीच्या वापरातल्या तिकिटांच्या मालिकेत वीस पैशांच्या तिकिटावर नॅट होते. घरी आलेल्या पाकिटांवरून मी ती तिकिटे वाटीभर पाण्यात भिजवून काढत असे. तिकीट एकरंगी, चित्र नखाएवढे, आणि मी ते शेजारच्या काकांच्या भिंगाखाली धरून पाहत असे. त्यातून मला एवढे पक्के कळले होते की आपल्या नॅटमध्ये एकच माणूस बसतो.

17 नोव्हेंबर 2024

रंगाची चाचणी. पोटाखाली न दिसणाऱ्या जागी इयरबडने थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल लावून पाहिले. मुरलेल्या तेलरंगाला काही झाले नाही. हे चांगले झाले, कारण आता नवे रंगकाम ॲक्रिलिकने करता येईल आणि पुढे कोणाला नको वाटले तर ते याच अल्कोहोलने पुसून खालचा रंग जसाच्या तसा मिळवता येईल. टर्पेंटाइन आणि थिनर टेबलावरून उचलून ठेवले.

24 नोव्हेंबर 2024

आज सांध्यांची तपासणी. एकही सांधा सुटलेला नाही आणि सुटणारही नाही. पॉलिस्टायरीनसाठीचा चिकटद्रव हा खऱ्या अर्थाने गोंद नसतोच. तो दोन्ही कडांचे प्लास्टिक किंचित विरघळवतो, विरघळलेले थर एकमेकांत मिसळतात, द्राव उडून गेला की मागे एकसंध प्लास्टिक उरते. लाकडाचा किंवा कागदाचा जुना सांधा वाफ देऊन सोडवता येतो, हा सोडवता येत नाही. त्यामुळे 1977 मध्ये पोटाचे दोन भाग ज्या रीतीने जुळले, त्याच रीतीने ते आज आहेत आणि आत जाण्याचा मार्ग फक्त नाकाच्या चाकाच्या भोकातून आहे.

सांधे इतके नेटके आहेत याचे श्रेय माझे नाही. किट मामाने आणले होते. मामा मर्चंट नेव्हीत होता आणि त्या खेपेला त्याचे जहाज लिव्हरपूलला लागले होते. त्याने खोके माझ्या हातात दिले आणि सुट्टी संपताच तो पुन्हा जहाजावर गेला. खोके उघडले तेव्हा मला आत विमान दिसले नाही. लाल प्लास्टिकच्या चौकटी, त्यांना देठांनी लटकलेले आकडे घातलेले तुकडे आणि एक पारदर्शक फुगीर तुकडा एवढेच होते. मी मराठी माध्यमातला, इंग्रजी आम्हाला पाचवीपासून, म्हणजे माझ्याजवळ होती ती अक्षरे आणि थोडेसे शब्द. सूचनापत्रक वाचून समजण्याची शक्यता नव्हती. चित्रे मात्र समजत होती : तुकडे हवेत सुटे मांडलेले, त्यांच्यामधून जाणाऱ्या बारीक रेघा, आणि प्रत्येक पायरीला आकडा.

शेजारचे काका नाशिकजवळच्या ओझरला एचएएलमध्ये, म्हणजे हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या विमान कारखान्यात, फिटर होते. तिथे मिग-21 ही लढाऊ विमाने तयार होत, आणि आमच्या गल्लीतली मुले आवाजावरूनच चाचणीचे विमान ओळखत. मिगचा सांगाडा नाशिकला, इंजिन ओडिशातल्या कोरापुटला आणि इलेक्ट्रॉनिक सामग्री हैदराबादला, अशी कामाची वाटणी होती. त्यामुळे विमान तुकड्यातुकड्यांत येते आणि आकड्यांच्या क्रमाने उभे राहते, यात काकांना नवल वाटण्यासारखे काहीच नव्हते. त्यांनी सूचनापत्रक गुडघ्यावर पसरले, चष्मा कपाळावर चढवला आणि पहिल्यांदा विचारले, ते मला आजही त्यांच्या आवाजात ऐकू येते : “तुकडे मोजलेस का रे?”

“नाही हो काका.”

“मग आधी मोज. एक कमी निघाला तर डिंक लावायच्या आधी कळलेला बरा.”

तुकडे चौकटीवरून हाताने पिळून तोडायचे नाहीत, असा त्यांचा दुसरा हुकूम होता. देठ तुकड्यापासून थोडा दूर नेलकटरने कापायचा, उरलेला ठोंब कानशीने घासायचा आणि शेवटचा हात पाणी लावलेल्या पॉलिश पेपरने मारायचा. कानस त्यांनी स्वतःची दिली होती, बोटभर लांबीची, अर्धगोल, मुठीला सुतळी गुंडाळलेली. ती कायम एकाच दिशेने ओढायची, पुढे-मागे करवतीसारखी चालवायची नाही. आज भिंगातून पाहताना डाव्या पंखाच्या मुळाशी त्या कानशीचे समांतर ओरखडे रंगाखाली अजून दिसतात आणि ते सगळे एकाच दिशेने गेलेले आहेत.

साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे प्रत्येक तुकड्यावर एक बारीक उंच रेघ राहते. ती काढल्याशिवाय काका पुढे जाऊ देत नसत. “नखाने बघ, डोळ्याने नाही,” असे ते म्हणत. पोटाचे दोन भाग त्यांनी मला कोरडेच अनेकदा जोडायला लावले, रबरबँड लावून एक रात्र तसेच ठेवायला लावले, आणि मी चिडून रडकुंडीला आलो तेव्हा कुठे नळीचे टोपण उघडू दिले. नळी दाबून थेट तुकड्यावर धरायची नाही. काचेच्या तुकड्यावर एक थेंब काढायचा आणि आगकाडीच्या टोकाने उचलून लावायचा. राहिलेली फट त्यांनी लांबीने भरली, तीच लांबी जी रंगारी दारांच्या भेगांत भरतात. लांबी प्लास्टिकला फार काळ धरत नाही, हे मला आता माहीत आहे, पण शेपटीखालची ती रेघ अजून टिकून आहे. तिला हात लावायचा नाही.

त्याच दिवसांत मला 1/72 म्हणजे काय ते कळले. काकांनी भूमितीतले काही सांगितले नाही. त्यांनी चालकाची लाल बाहुली पट्टीवर धरली आणि म्हणाले, “सहा फुटांचा माणूस इथे एक इंच.” हे प्रमाण तिथूनच आलेले आहे : एका इंचाला सहा फूट. इंग्लंडमध्ये 1930 च्या दशकात ते रुळले, 1936 मध्ये आलेल्या फ्रॉग पेंग्विन या पहिल्या प्लास्टिक किटांनी तेच धरले, आणि एअरफिक्सने 1953 मध्ये आपले पहिले विमान म्हणून स्पिटफायर काढले तेही त्यातच. मला यातले काही ठाऊक नव्हते. मला फक्त भागायला एक आकडा मिळाला होता, आणि पुढचा महिनाभर मी घराची उंची, एस.टी.ची लांबी आणि बिऱ्हाडकरूंच्या सायकलींची चाके इंचांच्या अपूर्णांकांत उतरवत बसलो. ती वही या डब्यात नाही, याची हळहळ वाटते.

आज पट्टीने मोजून पाहिले. खऱ्या टी.1 चा पंखविस्तार 7.32 मीटर, म्हणजे या प्रमाणात सुमारे 10.2 सेंटीमीटर. उजव्या टोकाचा टवका धरला तर माप जुळते. एक आसनी लढाऊ नॅटचे पंख याहून लहान, 6.73 मीटरचे होते, आणि लांबीही साधारण मीटरभर कमी होती. त्या मुलाच्या विमानाला हे अंतर कधीच ओलांडता येणार नव्हते.

1 डिसेंबर 2024

खुळखुळ्याचा बंदोबस्त. नॅटची चाके तिठ्याची : एक नाकाखाली, दोन मागे. प्रतिकृतीत नाक हलके राहिले की विमान शेपटीवर बसते, म्हणून नाकात वजन घालावे लागते. काकांनी वजन आणायला सांगितले, आणि वडील छापखान्यात कंपोझिटर, म्हणजे अक्षरांचे खिळे जुळवणारे, असल्यामुळे ते घरीच मिळाले. झिजलेले, तुटलेले खिळे वितळवण्यासाठी वेगळे काढत, त्यांतले चारदोन वडिलांनी मालकांना विचारून आणले. छपाईचे खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांच्या मिश्रधातूचे असतात; आकाराने लहान आणि वजनाने भारी. ते नाकात लांबीच्या गोळ्यात रोवले होते. लांबी वाळून भुगा झाली आणि खिळे सुटले.

चाकाच्या भोकातून विजेरीचा झोत टाकून पाहिले. एका खिळ्याची कड दिसते, अक्षर दिसत नाही. विमान नाकावर उभे करून हलकेच टिचक्या मारल्या तेव्हा भोकातून लांबीचा भुगा आणि थोडी पांढरट भुकटी बाहेर आली. शिशाला आम्लाची वाफ लागली की अशी भुकटी धरते, आणि ती विषारी असते, म्हणून हातमोजे घातले आणि कागदासकट सगळे पिशवीत बांधून टाकले.

इथे फेविकॉलसारखा पांढरा गोंद आत सोडणे सर्वांत सोपे होते आणि तेच सर्वांत घातक ठरले असते. अशा गोंदातून हळूहळू ॲसेटिक आम्ल सुटते, बंद पोकळीत ते शिशाला खाते, त्यातून तयार होणारी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते आणि शेवटी विमानाचे नाकच आतून उकलते. अनेक जुन्या प्रतिकृती अशाच फुटलेल्या आहेत. म्हणून ॲराल्डाइट वापरले. ते परत सोडवता येणार नाही आणि माझ्या नियमात हे बसत नाही, पण खिळे बाहेर काढायला पोट कापावे लागले असते, त्यापेक्षा हे बरे. खिळे नाकात गोळा करून, थोडे थोडे मिश्रण सुईने आत सोडून, विमान नाकावर उभे ठेवले आहे. खुळखुळ थांबली.

14 डिसेंबर 2024

आज कॅनॉपी. या कामाचा हाच गाभा आहे, म्हणून घाई केली नाही.

1971 मधल्या याच तारखेला श्रीनगरवर पाकिस्तानच्या सहा सेबर विमानांनी हल्ला केला. धावपट्टीवर बाँब पडत असताना फ्लाइंग ऑफिसर निर्मलजीतसिंग सेखों यांनी नॅट उडवले, सेबरांशी झुंज घेतली आणि त्यातच ते कामी आले. हवाई दलाला आजवर मिळालेले एकमेव परमवीरचक्र त्यांचे आहे. त्या युद्धात मी पाच वर्षांचा होतो. मला आठवतो तो खिडक्यांच्या काचांना लावलेला काळा कागद; सेखोंची गोष्ट मी नंतर शाळेत ऐकली आणि तीच माझ्या डोक्यात होती. सेखों एकटे होते. माझ्या किटमध्ये दोन माणसे होती.

मी काकांना विचारले की मागचा माणूस न बसवता भागेल का. त्यांनी सांगितले की आसन दिसेल, खाच दिसेल, आणि लांब कॅनॉपी तर दिसणारच. भारतीय हवाई दलाकडे दोन आसनी नॅट नव्हतेच, हेही त्यांनीच सांगितले, आणि आपण याला रेड ॲरोजचेच ठेवू या का, असे विचारून पाहिले. विमान मुळात लाल होते, रंगाचाही खर्च वाचला असता. मी ऐकले नाही. शेवटी आम्ही तोडगा काढला : कॅनॉपीचा मागचा अर्धा भाग चंदेरी रंगवून टाकायचा, म्हणजे बाहेरून तो पाठीचाच भाग वाटेल. मागचा चालक मात्र मी सूचनापत्रकाच्या आकड्याप्रमाणे त्याच्या जागी बसवला, कारण तुकडे मोजून झालेले होते आणि त्यातला एक उरवणे मला पटेना.

रंग प्रतिकृतींसाठीच्या हम्ब्रॉल या कंपनीचा नव्हता, तसला डबा नाशिकच्या मेन रोडवर कुठे मिळत नसे. फाटकाला लावून उरलेला ॲल्युमिनियम पेंट काकांनी दिला. त्यातले धातूचे कण चपटे असतात, ते रंगाच्या पृष्ठभागावर तरंगत येऊन खवल्यांसारखे एकमेकांवर बसतात, म्हणून लाल प्लास्टिक एका हातात झाकले गेले. तोच गुण आता अवगुण झाला आहे, कारण वरचे खवले बोटाला लागून करडा डाग पडतो. गुळगुळीत पारदर्शक प्लास्टिकवर तर त्याची पकड मुळातच कमी, म्हणून तिथे पापुद्रे सुटले.

एका सुटलेल्या पापुद्र्याच्या फटीतून आत पाहिले. मागचा चालक तिथे आहे, लाल, न रंगवलेला, हात मांडीवर. पुढच्याला मी खाकी रंग दिला होता, चेहऱ्याला गुलाबीसर ठिपका दिला होता. मागच्यावर रंग वाया घालवला नव्हता.

पापुद्रे काढून टाकले तर विमान एका दिवसात खरे टी.1 होईल, दोन्ही माणसे दिसतील आणि तज्ज्ञ मंडळी समाधानाने मान हलवतील. ते करणार नाही. फेविक्विक इथे चालणार नाही, त्याच्या वाफेने पारदर्शक भागावर पांढरे धुके धरते. अगदी पातळ केलेले ॲक्रिलिक वॉर्निश केसाएवढ्या कुंचल्याने प्रत्येक पापुद्र्याखाली सोडले, ते आपोआप आत ओढले गेले, आणि मग सिलिकॉन लावलेल्या कागदावरून बोटाने हलकेच दाबले. दोन पापुद्रे जागेवर बसण्याआधीच तुटले. तेवढ्या जागा रिकाम्या आहेत.

22 डिसेंबर 2024

नाकाचे चाक. ते दिवाळीच्या किल्ल्यावर गेले.

त्या वर्षीचा किल्ला आम्ही अंगणात विटा, पोती आणि गोदाकाठाहून आणलेल्या मातीचा केला होता. मोहरी उगवली होती, तटावर मावळे, शिखरावर सिंहासनाधिष्ठित महाराज. माझा आग्रह होता की नॅट किल्ल्यावरून उडाले पाहिजे. ताईने महाराजांच्या काळाचा मुद्दा काढला, तो घरात कोणी मनावर घेतला नाही. दांडीला बांधलेल्या दोऱ्यावर विमान टांगले गेले. मातीचे मावळे विमानाच्या निम्म्या लांबीचे होते, म्हणजे माझ्या 1/72 च्या हिशेबाने प्रत्येक मावळा पंधरा-सोळा फुटांचा. हे मी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होतो. भाऊबीजेच्या दिवशी दोरा सुटला आणि विमान बुरुजावर नाकावर आदळले. पंखांच्या मुळाशी रंगात दोऱ्याचा बारीक चर अजून आहे. ॲल्युमिनियम पेंट वरून कोरडा वाटला तरी आतून मऊच राहिला असावा, कारण चरात दोऱ्याचा पीळसुद्धा उमटला आहे. तो चर भरायचा नाही.

नवा दांडा मात्र हवा, नाहीतर विमान उभेच राहणार नाही. नव्या साच्यातून निघालेल्या नॅटच्या किटमधले चाक उसने घेता आले असते, पण डब्यात मूळ चौकटीचे तुकडे असताना ते पटले नाही. चौकटीचा सरळ भाग निरांजनाच्या ज्योतीवर धरून, मऊ होताच ओढला की त्याची हवी तेवढी बारीक काडी होते. हीसुद्धा काकांचीच शिकवण. त्यांनी तेव्हा अशीच काडी ओढून नाकापुढची वेगमापक नळी करून दिली होती, तीही त्याच दिवशी गेली. दांड्याच्या आत टाचणीचा तुकडा घातला, चाकासाठी चौकटीच्या जाड भागाच्या चकत्या कापून दोन एकमेकींवर जोडल्या आणि कडा कानशीने गोल केल्या. तिथले प्लास्टिक जुनेच असल्यामुळे रंग अगदी जुळतो, म्हणून आतल्या बाजूला ‘2024’ असे सुईने कोरून ठेवले.

चाकांच्या झडपा पाहताना काकांनी सांगितलेली एक गोष्ट आठवली. नॅटला वेगळे हवाई ब्रेक नव्हते. चाके अर्धवट खाली सोडली की त्यांच्या झडपाच वाऱ्याला अडवत आणि विमानाचा वेग उतरे. एवढ्या लहान विमानात प्रत्येक भागाला दोन कामे करावी लागतात, असे ते कौतुकाने सांगत. मिगवर काम करणाऱ्या माणसाने नॅटचे कौतुक करावे, याचे मला तेव्हा आश्चर्य वाटले होते. पुढे पालमच्या हवाई दल संग्रहालयात खरे नॅट पाहिले तेव्हा ते किती बुटके आहे हे कळले आणि आश्चर्य ओसरले.

5 जानेवारी 2025

रंगाची भर. नवा चंदेरी ॲक्रिलिक जुन्यापुढे फारच चकचकीत दिसतो. त्यात करड्याचा आणि किंचित तपकिरीचा अंश मिसळल्यावर तो बसला. भर फक्त उजव्या पंखाच्या टवक्यावर आणि नव्या दांड्यावर घातली. कडांवरचे लाल तसेच ठेवले आहे, तिथे रंग हाताळून गेलेला आहे, गळून नाही. हवा आत घेणाऱ्या वाटांच्या कडेला बॉलपेनने काढलेली दोन काळी वर्तुळे आहेत. खऱ्या लढाऊ नॅटच्या दोन 30 मिलिमीटर ॲडन तोफा हवा आत घेणाऱ्या वाटांच्या कडेलाच असतात, आणि प्रशिक्षण विमानात त्या नसतात. तोफांची जागा त्या मुलाला कुठून कळली ते मला सांगता येत नाही, पण ती बरोबर आहे.

डाव्या पंखाखालच्या चक्राचा उरलेला तुकडा बाभळीच्या डिंकाच्या पातळ पाण्याने पुन्हा बसवला आणि गेलेल्या भागापुरता नवा कागद जोडला. त्यावर पांढरा आणि हिरवा रंग दिला, केशरी मुद्दाम फिका ठेवला, मागे पेन्सिलीने तारीख घातली.

ताईला फोन केला होता. खोक्यातली रेड ॲरोजची चिन्हे मी टाकून दिली असा माझा समज होता. ती म्हणाली, “टाकलीस कुठे? मी माझ्या कंपासपेटीला लावली होती. दहावीपर्यंत होती ती.” कंपासपेटी तिने पुढे मुलीला दिली आणि मुलीने ती हरवली.

12 जानेवारी 2025

विमान तीन चाकांवर उभे आहे आणि शेपटीवर बसत नाही. ॲराल्डाइट पुरते धरले आहे.

साठवणीची व्यवस्था : आम्लविरहित पुठ्ठ्याचे खोके, तळाला धुतलेल्या सुती कापडाची घडी, कोपऱ्यात सिलिका जेलच्या पुड्या, आणि चौकटीचे उरलेले तुकडे, सूचनापत्रक व नळी वेगळ्या पाकिटात. विमान पोटावर टेकेल अशी खाच पुठ्ठ्यात कापली आहे, म्हणजे चाकांवर भार येणार नाही. खोके कपड्यांच्या कपाटात ठेवता येणार नाही, कारण तिथे डांबरगोळ्या आहेत, आणि नॅप्थलीनच्या वाफेने पॉलिस्टायरीन मऊ पडते. झुरळांसाठी फडताळाच्या फटी लांबीने बुजवल्या आहेत. खोक्यावर चिठ्ठी लावली आहे : वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, पुड्या बदलणे आणि कॅनॉपीचे पापुद्रे पाहणे, पाणी लावू नये.